ताईताचा दोरा

आमचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. शेजारच्या बायका म्हणायच्या, "मुलगे उशिराच बोलतात." आम्हालाही तेच ऐकायचे होते. हाक मारली तर वळून पाहत नसे, पण बिस्किटाचा पुडा फोडला की आतल्या खोलीतून धावत येई. म्हणजे कान शाबूत होते. डब्याचे झाकण जमिनीवर तासन्‌तास फिरवत बसायचा. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळायचा.

सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला कामाचा खाडा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितले, याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. मेंदूची घडणच वेगळी असते. औषधाने ती बदलत नाही, शिकवल्याने मूल पुढे जाते.

घरी आल्यावर भांडणे सुरू झाली. कोणाच्या घराण्यातले हे? आजी म्हणाली, पोटुशी असताना हिने ग्रहणात विळी धरली असेल. (शिकलेले तरी काय वेगळे? एके काळी परदेशातले मोठमोठे डॉक्टरही आईच्या थंडपणाला दोष देत. पुढे ते खोटे ठरले.)

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या घरात १९५६ पासून देव्हारा नाही. तरीही एका रविवारी कोणाला न सांगता आम्ही एका बाबाकडे गेलो, दोन हजार रुपये मोजले आणि पोराच्या गळ्यात ताईत बांधून आलो. त्याला मानेला काही लागलेले सहन होत नाही. रात्रभर ओरबाडून त्याने मान लाल केली. पहाटे त्याच्या आईने कात्रीने दोरा कापला. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पण दोष कोणाचा, हे भांडण पुन्हा झाले नाही.

जवळच्या शाळेने 'इतर मुलांना त्रास होतो' म्हणून घेतले नाही. बंधू-भगिनींनो, अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यात आहे. सरकारी दाखला जरूर काढा. आम्ही लोक काय म्हणतील म्हणून दोन वर्षे घालवली. दाखला दाखवून दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला.

आता तो नऊ वर्षांचा आहे. बोलत नाही. जुन्या कॅलेंडरातली, पुड्यांवरची चित्रे कापून आम्ही पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. तहान लागली की पाण्याचे चित्र आणून देतो.

१४ एप्रिलला लाऊडस्पीकर त्याला सोसत नाही. म्हणून आमच्यातला एक जण मिरवणुकीला जातो, एक घरी थांबतो. मात्र सकाळी, स्पीकर सुरू होण्याआधी, तिघेही विहारात जातो. तो वंदनेला बसत नाही. मेणबत्त्यांच्या रांगेपाशी उभा राहून वाकडी दिसेल ती सरळ करतो. यंदा एक आजीबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत होत्या. आम्हाला वाटले, आता ओरडणार. त्यांनी उरलेल्या मेणबत्त्यांचा पुडा त्याच्या हातात दिला.