गज खोटं बोलत नाही

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले मास्तर. वर्गात दिवसभर 'हम' म्हणायची सवय, म्हणून मराठीत लिहितानाही 'आम्ही'च होतं. वाचकांनी याला मोठेपणा समजू नये. या लेखात तर आमचा मोठेपणा कुठेच नाही. एक खोटं आम्ही चौदाव्या वर्षी बोललो आणि ते बोलल्याचं आज, छत्तिशीत कबूल करीत आहोत, इतकीच या लेखाची हकीकत.

वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचं गाव. खाली भाताचे चार कुणगे, वर वरकस जमीन, तिच्यात नाचणी. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. परवाना शेतीच्या राखणीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि कोकणात असे परवाने हिंदूंच्या घरी होते तसे मुसलमानांच्याही घरी होते. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. दादा ती पाठीला लावून जात, तेव्हा सोबत डबा न्यावा तशा सहजपणे जात. १९९३ नंतर मात्र ते बंदूक गोणपाटात गुंडाळून नेऊ लागले. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आश्विनात भात पोटरीतून बाहेर पडलं की रात्री रानडुकरं उतरत. आमच्या घरात त्याचं नाव घेत नसत, 'जनावर' म्हणत. जनावर एका रात्रीत खातं त्याच्या दसपट तुडवतं. जुन्या काळी, १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधी, दादांनी पाडलेलं जनावर शेजारच्या कुणबीवाडीतली माणसं उचलून नेत आणि बदल्यात दुसऱ्या दिवशी दोन गडी आमच्या कापणीला येत. आमच्या लहानपणी हे बंद झालेलं होतं. बंदुकीचा बार आता हवेत निघे, आवाजापुरता. तरी दादा तो तसाच भरत, जसा खऱ्या नेमासाठी भरायचा.

ठासणीची बंदूक भरणं हे मोठं निगुतीचं काम. बांबूच्या पेराचं माप होतं. ते दारूने काठोकाठ भरायचं, वरचा ढीग बोटाने निपटायचा आणि नळीत ओतायचं. त्यावर काथ्याची गुंडी, ती गजाने ठासायची. मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. केप सर्वांत शेवटी, नेम धरायच्या वेळी. दादांच्या गजावर चाकूने पाडलेली एक खूण होती. बार नीट भरला असेल तर गज नळीत सोडल्यावर ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. खूण खाली गेली तर दारू कमी, वर राहिली तर जास्त. "आपला हात चुकते, डोला चुकते. गज खोटा बोलत नाय," असं दादा म्हणत.

आता केपवाले चाचांविषयी. कोकणातली कितीतरी मुसलमान घराणी शंभर वर्षांहून आधी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन स्थिरावली. आमच्या दादांचे चुलते त्यांतलेच एक. त्यांचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला. नात्याने तो दादांचा चुलतभाऊ, पण वयाने वीस वर्षांनी लहान, म्हणून सारा गाव त्यांना केपवाले चाचा म्हणे. वर्णभेदाच्या काळात भारताने त्या देशाशी संबंध तोडलेले होते. १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, त्यानंतर येणं-जाणं मोकळं झालं. २००२ च्या मे महिन्यात चाचा आले ते महिनाभर राहिले. बोलणं अस्सल खाडीपट्ट्याचं, मधेच एखादा आफ्रिकान्स शब्द.

चाचांना पन्नाशीच्या सुमाराला शिकारीचा नाद लागला होता. तिकडे कारू नावाचा विस्तीर्ण कोरडा मुलूख आहे. तिथले मोठे शेतकरी आपल्या जमिनीवर हिवाळ्यात पैसे घेऊन शिकार करू देतात. स्प्रिंगबोक म्हणजे आपल्या काळविटाच्या जातकुळीतलं हरीण. चाचांची रायफल हलकी, तीन किलोच्या आतली. टेकड्या चढून दिवसभर चालायचं तर जड रायफल माणसालाच मारते, असं ते म्हणत. पण हलकेपणाची किंमत द्यावी लागते, ती त्यांनी आम्हाला ओसरीवर बसून समजावली.

हलक्या रायफलीची नळी बारीक. दोन-तीन गोळ्यांत ती तापते आणि तापली की गोळ्या फाकू लागतात. म्हणून तीन गोळ्या झाडायच्या आणि रायफल सावलीत ठेवून चहा प्यायचा. दुसरं, हलकी बंदूक धक्का जास्त देते. धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, खांदा आवळतो, आणि दोष मात्र बंदुकीला देतो. तिसरं, चाप ओढायला दोन किलोचा जोर लागत असेल आणि बंदूकच तीन किलोची असेल तर त्या ओढीनेच ती हलणार. श्वासाने हलते, नाडीच्या ठोक्याने हलते. "हलकी बंदूक मास्तरासारखी," चाचा म्हणाले, "तुझ्या सगल्या चुका मोजून दाखवते." तेव्हा आम्ही मास्तर नव्हतो, म्हणून हसलो.

आणि काडतुसं ते घरी भरत. तिकडे परवानाधारकाला ती मुभा आहे. एकदा उडालेली पितळी पुंगळी फेकायची नाही. आत झालेल्या स्फोटाने ती फुगून त्या रायफलीच्या घराच्या मापाची झालेली असते. तिला साच्यातून काढून किंचित आवळायचं, लांबी वाढली असेल तर कापायची, बुडाशी नवी केप बसवायची, दारू तोलायची आणि वर गोळी दाबायची, प्रत्येक वेळी तितकीच खोल. दारू तोलायचं माप म्हणजे ग्रेन, मूळचा जवाचा दाणा. दादांनी विचारलं, म्हणजे किती? चाचांनी वहीत हिशेब केला. आपला तोळा म्हणजे १८० ग्रेन. चाचांची गोळी १०० ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडी अधिक. दादा सोनाराकडे चढलेल्या माणसासारखे खूश झाले. दारू चाचा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलत.

आम्हाला वाटलं होतं, घरी भरायचं ते जास्त दारू घालून जास्त जोर मिळावा म्हणून. चाचांनी मान हलवली. सगळ्यात जोरदार बार हा सगळ्यात नेमका बार नसतो. पुस्तकात दिलेल्या हद्दीच्या खूप आतून सुरुवात करायची, थोडं थोडं वाढवत जायचं, दर पायरीला तीन-तीन गोळ्या कागदावर मारून पाहायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच वहीत लिहायची. कुठेतरी अशी जागा येते की शंभर मीटरवर तिन्ही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. तिथे थांबायचं. जोर वाढवायचा मोह झाला तरी थांबायचं.

दादांनी तेव्हा विचारलं, "जनावर काय कागद हाय? त्याला नाण्याएवढा नेम कशाला?"

चाचा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "सुरीसाठी."

गोळीनेच जीव गेला तर ते जनावर मुरदार, असं अनेक उलेमा मानतात. धुगधुगी असताना सुरी फिरली पाहिजे. छातीत गोळी बसली तर हरीण काही क्षणांत संपतं, आणि चाचा असत दीडशे पावलांवर. पोटात बसली तर ते पळतं आणि दोन दिवस झुडपात तडफडतं. चाचांचा हिशेब असा, की मानेच्या मणक्यावर बसली तर ते जागीच कोसळतं, काळीज मात्र थोडा वेळ चालू असतं. धावणाऱ्याला तेवढा वेळ मिळतो. पण मणका दोन बोटांचा. खात्री नसेल तर बिस्मिल्ला मनातच ठेवून रायफल खाली करायची. तापलेल्या नळीची तिसरी गोळी कुठे जाते याला तिथे अर्थ नाही. थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते तेवढंच खरं.

यावर दादांनी आपली गोष्ट सांगितली, जी आमच्या वडिलांनीही कधी ऐकली नव्हती. तरुणपणी एका श्रावणात घाईने, दमट दारूने भरलेल्या बारातून त्यांनी भेकर जखमी केलं. रात्रभर ते शोधत राहिले. सकाळी पऱ्ह्याच्या पाण्यात ते मेलेलं सापडलं, अजून ऊब होती. दादांनी ते तिथेच पुरलं आणि तीन वर्षं हरणावर नेम धरला नाही. "त्या दिवसापासून गजावर खूण हाय," ते म्हणाले.

चाचा गेले. पाऊस झाला. आश्विन आला. दादांसोबत आम्ही शेतातल्या मांगरात राखणीला जाऊ लागलो. एका रात्री दादांचा हात दुखत होता म्हणून त्यांनी बार भरायला आम्हाला सांगितलं. केवढा आनंद! बॅटरीच्या उजेडात माप भरलं, निपटलं. तेवढ्यात खालच्या कुणग्यात काहीतरी खसखसलं. दादा उठून बांधावर गेले, आम्हीही तिकडे बॅटरी मारली. परत वळलो तेव्हा माप हातात रिकामं होतं. दारू नळीत ओतली, की गडबडीत सांडली? आठवेना. दादा दहा पावलांवर होते. विचारायचं तर केवढं सोपं होतं. पण नववीतला मुलगा, पहिल्यांदा मिळालेलं काम, आणि विचारायची लाज. आम्ही दुसरं माप भरलं आणि ओतलं. काथ्या ठासला, छर्रे घातले, पुन्हा काथ्या. बंदूक दादांच्या हाती दिली.

दादांनी केप लावण्याआधी गज घेतला आणि नळीत सोडला. खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटं वर राहिली. त्यांनी बोट लावून पाहिलं. बॅटरी मागितली, पुन्हा पाहिलं.

"माप दोनदा ओतलास?"

"नाही."

दादांनी आमच्या तोंडाकडे बॅटरी मारली नाही. ती गजावरच होती. मग त्यांनी गजाच्या टोकाला पेच लावला आणि बार उलट काढला. काथ्या, छर्रे, काथ्या. दारू बांधाच्या पाण्यात ओतली. यात अर्धा तास गेला. त्या रात्री त्यांनी पत्र्याचा डबा वाजवून राखण केली. घरी कुणाला काही सांगितलं नाही. त्या जुन्या नळीत दुप्पट दारू पेटली असती तर दादांचा गाल आणि डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

२००७ मध्ये दादा वारले. परवाना त्यांच्या नावाचा. वडिलांनी तो पुढे चालवला नाही आणि बंदूक जमा केली. आम्ही बी.एड. झालो, नोकरीला लागलो. भाऊ म्हणतो, राखणीसाठी तू परवाना माग. आता डुकरांबरोबर माकडंही आहेत, दोन कुणगे पडीक गेले. आम्ही अर्ज आणला, भरला, आणि कपाटात ठेवला. मुसलमान मास्तराच्या घरात बंदूक, हे उद्या कोण कशा डोळ्यांनी पाहील या विचाराने ठेवला, असं आम्ही भावाला सांगितलं. ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही.

२०१९ मध्ये केपवाले चाचांचा फोन आला. हात थरथरू लागल्यामुळे त्यांनी काडतुसं भरणं सोडलं होतं. ग्रेनचा तो लहान तराजू शाळेसाठी पाठवतो म्हणाले. गप्पांच्या ओघात आम्ही न ठरवता ती रात्र सांगून टाकली. सतरा वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे.

चाचा म्हणाले, "मना ठाव हाय. दादांचा तेव्हाच कागद आला होता." तो त्यांनी जपून ठेवला होता. शोधून फोनवर वाचून दाखवला. दादांचं उर्दू जुन्या वळणाचं, स्वतःला 'हम' म्हणणारं. मजकूर असा होता : पोराच्या हाती अंधारात माप दिलं, चूक आमची. त्याने नाही म्हटलं, आम्ही मान्य केलं. खूण पाहिली नसती तर त्याला आयुष्यभर ओझं झालं असतं, अल्लाहचे शुक्र.

दादांनी आमचं खोटं ओळखलं होतं, आणि त्यांच्या पत्रात आमच्या डोळ्याऐवजी, त्यांच्या डोळ्याऐवजी, आमच्या ओझ्याची काळजी होती.

तराजू शाळेत आला आहे. सातवीची मुलं त्यावर तांदळाचे दाणे तोलतात, मिठाचं द्रावण करतात. वर्गात आमचा नियम एकच : टाकलं की नाही आठवत नसेल तर पुन्हा टाकायचं नाही, विचारायचं, विचारणाऱ्याला कुणी हसायचं नाही. परवा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, शायद दो बार डाल दिया." आम्ही म्हटलं, "ठीक है, गिरा दो, फिर से नापो." त्याने द्रावण ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला. आम्ही काही क्षण खिडकीबाहेर पाहत राहिलो. मुलांना वाटलं असेल, सर माकडं बघत आहेत.