सायकलवाल्याच्या डोक्याचा प्रश्न

रविवारी सकाळी साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात थोडा वेळ उभे राहा. कासकडून उतरणाऱ्या हौशी सायकलस्वारांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट दिसेल. मग एखाद्या कामाच्या दिवशी सांगलीत कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्यावर पाहा. पाळीला निघालेले कामगार, कॅरियरला डबा, डोक्याला फार तर रुमाल. डोके दोघांचेही सारखेच नाजूक.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 मधली हेल्मेटसक्ती मोटारसायकलवाल्यांसाठी आहे. सायकल त्यात येत नाही. त्याच कलमात पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे, आणि यावर "मग टोपीला का नाही?" असे विचारणारा कुणीतरी भेटतोच. भाई, घडी करून खिशात मावणारी आपली टोपी! ती मुक्कामी पोहोचून घालता येते.

माझे मामू साठी ओलांडून गेले तरी सायकल सोडत नाहीत. हेल्मेटचा विषय काढला की म्हणतात, "गाडी आंगपर आयी तो तेरा हेल्मेट क्या करताय? नसीब में जो है, वो होताच."

यातला पहिला मुद्दा खरा आहे. सायकलचे हेल्मेट म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम. धडकेत तो चिरडतो आणि डोक्याला थांबायला क्षणाचा काही अंश जास्त मिळतो. युरोपीय मानकात त्याची चाचणी साधारण दीड मीटरवरून पाडून घेतात, म्हणजे धडक ताशी वीसेक किलोमीटरची. ट्रकपुढे ते अपुरेच. पण पडायला ट्रकच कशाला हवा? वळणावरची वाळू, पाण्याने भरलेला खड्डा, आडवे आलेले कुत्रे पुरते.

नसीबाचे मात्र मला पटत नाही. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही तिर्मिजीतली हदीस आपण मुलांना शिकवतो. मक्का विजयाच्या दिवशी पैगंबरांच्या (स.) डोक्यावर शिरस्त्राण होते, हे बुखारीत आहे. त्यांच्याहून मोठा तवक्कुल कुणाचा?

तरीही सक्ती नको, असेच माझे मत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये सक्ती केली. त्याने लोक सायकलच सोडतात की काय, हा वाद अजून चालू आहे. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेटशिवाय फिरतात, पण तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत. आपल्याकडे उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, रात्रीची वेळ, आणि कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो. आधी दंड त्यांना करा. डबा घेऊन निघालेल्या कामगाराकडून पावती फाडून काय मिळणार? त्यापेक्षा कारखान्याच्या आत हेल्मेट देणाऱ्या मालकाने गेटबाहेरच्या रस्त्यासाठीही एक द्यावे. कामगार घरातून निघतो तेव्हापासूनच तो कामावर असतो, असे मी मानतो.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढेच: हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसले पाहिजे, मागे कलते नको. पट्टा हनुवटीखाली घट्ट हवा. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी धाकट्या भावाला देऊ नका.