हात हलवत

आमच्या घरी मासे धरायला गेलेल्या माणसाला 'किती मिळाले' असं कुणी विचारत नाही. सरळ पिशवीकडे बघतात. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी आणि मामा विष्णुपुरीहून नांदेडच्या घरी परतलो तेव्हा आईनंही तेच केलं. पिशवी घडी घालून मामाच्या खिशात होती.

मामा लातूरचा. गंजगोलाईत त्याचं छोटं दुकान आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी लातूरला जायचो, तेव्हा मामा मला स्कूटरवर पुढे उभं करून मांजरेच्या काठी न्यायचा. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या देठाचा तुकडा, शिशाची गोळी आणि गळ. एवढंच सामान. गांडूळ लावायचं आणि पिसाकडे बघत बसायचं. पीस बुडालं की हिसका द्यायचा. संध्याकाळी आम्ही कधी हात हलवत परत आलो नाही. पिशवीत रोहू असायचा, नाहीतर चिलापी. मामी ओरडायची आणि मग वाटण करायला घ्यायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा फ्लाय रॉड. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिला बोनस आला तेव्हा मी तो ऑनलाइन मागवला. एक मित्र यूट्यूबवर हिमाचलातल्या ट्राउटचे व्हिडिओ बघायचा, त्याचा नाद मला लागला. यात गांडूळ नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा गळावर असतो. त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे मामाच्या काठीसारखं शिशाच्या जोरावर ते दूर जात नाही. इथं वजन दोरीलाच असतं. जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेली दोरी आधी मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे सोडायची. घाई केली की सगळं पायाशी गोळा होतं. पुण्यात असताना जेमतेम तीनदा वापरला असेल. बाकी वेळ तो फ्लॅटच्या भिंतीवर शोभेला होता.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी पंधरा मिनिटांचा कॉल झाला आणि माझी नोकरी गेली. टीममधल्या सहा जणांची गेली. दोन महिन्यांचा पगार मिळाला. फ्लॅट सोडला, रॉड उचलला आणि गणपतीला घरी आलो. घरी सांगितलं, 'कंपनीनं वर्क फ्रॉम होम दिलंय.' रोज सकाळी नऊला लॅपटॉप उघडून, हेडफोन लावून बसायचो. अर्ज भरायचो, टेस्ट द्यायचो, 'वी रिग्रेट' वाचायचो. आई दार हळूच लोटून चहा ठेवून जायची. आवाज होऊ नये म्हणून बाबा टीव्ही म्यूट करून बातम्या बघायचे. त्या म्यूट टीव्हीची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

भाऊबीजेच्या रात्री मामानं कोपऱ्यातला रॉड पाहिला. "हे काय घेऊन ठेवलास? चल की उद्या."

पहाटे आम्ही विष्णुपुरीला पोचलो. माझं कॉलेज याच गावात, त्यामुळे गोदावरीचा हा काठ मला पाठ. चार वर्षं काळेश्वराच्या मंदिराकडे आम्ही सबमिशन संपल्यावर यायचो. बंधाऱ्यामागे शंकरसागराचं पाणी लांबवर पसरलं होतं. मामानं आधी तिथल्या मच्छीमारांना विचारलं. ठेका त्यांचा, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय बसायचं नाही, हा त्याचा नियम. "दोन काठ्यांनी काय संपतंय व्हय," म्हणून त्यांनी हात केला.

माझी पहिलीच दोरी मागच्या वेड्या बाभळीत अडकली. दुसरीही. मामा पिसाकडे बघत म्हणाला, "मासे झाडावर हायत का रे?" तिसऱ्यांदा पाण्यात पडली तेव्हा उजाडलं होतं. पण रोहू-मृगळ अशा खोट्या किड्याला सहसा फसत नाहीत. मरळ फसू शकते, ती बेडकावर झेप घेते. म्हणून मी काठच्या गवताजवळून किडा ओढत राहिलो. एकदा पाणी फुगलं, दोरी ताणली गेली, हाताला झटका बसला. मी घाईनं रॉड वर उचलला. दोरी सैल. संपलं.

मामाचं पीस तर एकदाही बुडालं नाही.

दहा वाजता ऊन लागायला लागलं आणि मी बोलून गेलो, "मामा, माझी नोकरी गेली."

त्यानं मान वळवली नाही. "कवा?"

"ऑगस्टमध्ये."

"आक्काला माहीत हाय?"

"नाही."

त्यानं गळ बाहेर काढला, धुतलेलं गांडूळ टाकून नवं लावलं आणि परत पाण्यात सोडला. मग २०१६ चा उन्हाळा काढला.

तो उन्हाळा मलाही आठवतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. मामी आणि पोरं आमच्याकडे होती. मामा दुकानासाठी तिकडेच राहिला होता. दर रविवारी एसटीनं यायचा, पोटभर आंघोळ करायचा, धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन परत जायचा. येताना पोरांना बिस्किटं, आईला काहीतरी, असायचंच.

"ते समदं उधारीवर," मामा म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक कुठलं? लोक घागरी घेऊन रांगेत. पर बहिणीच्या दारात हात हलवत कसं जावं? पावसाळ्यानंतर वर्षभर फेडत बसलो. आक्काला अजून माहीत न्हाई."

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. आम्ही सामान आवरलं.

वर रस्त्यावर एक बाई टोपल्यात मासे घेऊन बसली होती. ताजे रोहू होते, कल्ले लाल. मामाचा हात खिशाकडे गेला आणि तो चक्क हसला. "मांजरेवरून यायचो ना आपण? निम्म्या वेळेला मी असेच इकत घ्यायचो. तू पुढं पळायचास रस खायला. मामीलाबी कळलं न्हाई कवा."

माझे लहानपणीचे निम्मे मासे त्या एका वाक्यात गेले. वाईट वाटायला हवं होतं, पण मलाही हसू आलं.

त्यानं विचारलं, "घेऊ का दोन किलो?"

मी म्हणालो, "नको मामा. आज असंच जाऊ."

घरी आईनं खोबरं-कांदा भाजून मसाला वाटून ठेवला होता. तिनं आमच्याकडे पाहिलं, म्हणाली, "मिळाले न्हाईत होय?" आणि बाबांना अंडी आणायला पाठवलं. मसाला वाया कशाला घालवायचा.

जेवताना, दुसरी भाकरी मोडायच्या आधी, मी सांगितलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो कर्जाचा. कर्ज नव्हतं. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "मला वाटलंच होतं. तीन महिन्यांत एकदा तुझा हसण्याचा आवाज आला न्हाई खोलीतून. पुण्यात फोनवर मीटिंगमध्ये हसायचास की." मग ती उठून आत गेली. तिचे डोळे पुसून येईपर्यंत मामा ताटाकडे बघत बसला होता.

मग त्यानंही सांगितलं. बिस्किटांचं. आईनं त्याला असं काही झापलं की बाबांना मध्ये पडावं लागलं. माशांचं मात्र आम्ही दोघांनी सांगितलं नाही.

नोकरी मिळायला पुढे आणखी दोन महिने लागले, आणि आधीपेक्षा कमी पगारावर मिळाली. पण त्या दुपारनंतर आमच्या घरात टीव्हीचा आवाज परत सुरू झाला. माझा इंटरव्ह्यू असला की बाबा आधी विचारायचे, "कितीचा आहे?" आणि तेवढाच वेळ म्यूट करायचे.

मामाची मांजरा आणि आमची गोदावरी खाली कंदकुर्तीला एकमेकींना मिळतात. मामा म्हणतोय, एकदा तिकडे जाऊ. मी फ्लाय रॉड नेणार आहे. तो म्हणतो, ने, पण पिशवीही घे.