शंकेची खूण

आमच्या देवळाच्या कचेरीत संगणक आला तेव्हा तो इंग्रजी बोलत आला. पावत्या मराठीत, नोंदवही मराठीत, आरती मराठीत. पडद्यावरील सूचना तेवढ्या इंग्रजीत. हा विसंवाद आम्हां चौघांस खटकला. देवस्थानने घेतलेला हिशेबाचा कार्यक्रम मुक्त स्रोताचा होता. त्याची घडण सर्वांस खुली होती आणि तो आपल्या भाषेत आणण्यास कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती. आम्ही ती सेवाच मानली आणि रोज सायंकाळच्या आरतीनंतर तासभर बसू लागलो.

ज्यांस या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. कार्यक्रमातील सर्व वाक्ये एका वेगळ्या फाइलीत उतरवून घेतलेली असतात. वर मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली रिकामी जागा. त्या जागेत आपण आपले मराठी लिहावयाचे. या पद्धतीस 'गेटटेक्स्ट' म्हणतात. ग्नू प्रकल्पाने १९९५ साली तिची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली आणि आजही असंख्य कार्यक्रम तिच्यावरच चालतात.

परंतु मूळ कार्यक्रम स्थिर राहत नाही. नवी आवृत्ती निघाली की काही वाक्ये नव्याने येतात, काही गळतात, काहींत एखादाच शब्द पालटतो. जुने भाषांतर नव्या फाइलीत लावून देणारे एक साधन गेटटेक्स्टमध्येच आहे. मूळ वाक्य जसेच्या तसे असेल तर त्याचे मराठी ते मुकाट्याने जागी बसवते. वाक्य थोडे बदललेले असेल तर जवळात जवळचे जुने मराठी शोधून तेथे ठेवते, पण त्यावर 'फझी' अशी खूण करते. तिचा अर्थ इतकाच, की हा माझा अंदाज आहे, माणसाने पाहून घ्यावे. ती खूण आहे तोवर ते मराठी पडद्यावर येत नाही. मूळ इंग्रजीच दिसते.

आरंभी हे सारे आम्ही हाताने करीत होतो. फायली आणणे, जुळविणे, तपासणे, परत पाठविणे यातच अर्धी संध्याकाळ जाई. मग आमच्यातील धाकट्याने एक स्क्रिप्ट लिहिली आणि ही सारी हमाली रात्री आपोआप होऊ लागली. आम्हांस केवढा आनंद झाला! सकाळी पाहावे तो फाइल तयार. येथवर काहीच चुकले नव्हते.

चुकला तो आमचा मोह. कोणत्या भाषेत किती टक्के काम झाले याचा आकडा रोज दिसे आणि शंकेची खूण असलेली वाक्ये त्यात पूर्ण म्हणून धरली जात नसत. जत्रा दहा दिवसांवर आली होती आणि आमचा आकडा ८८ वर अडला होता. सर्व खुणा एकदम पुसून टाकण्याची आज्ञाही त्याच साधनसंचात आहे. ती आम्ही स्क्रिप्टमध्ये घातली, आणि घातली ती चौघांच्या संमतीने. ज्या वाक्यांना जागाच रिकामी होती ती बसून भरली. अंदाजाने भरलेली मात्र वाचलीच नाहीत. आकडा १०० झाला. आम्ही पेढे वाटले.

जत्रेच्या रात्री कचेरीतील वृद्ध कारकुनांनी दिवसभरातील अभिषेक-नैवेद्याच्या हस्तलिखित पावत्या संगणकात नोंदविल्या. कार्यक्रम बंद करताना पडद्यावर मराठीत आले: 'अपुऱ्या नोंदी जतन केल्या जातील.' त्यांनी 'होय' दाबले. मूळ इंग्रजी वाक्यात नव्या आवृत्तीपासून एक नकार आला होता. नोंदी जतन होणार नव्हत्या, आणि झाल्याही नाहीत.

निरोप येताच आम्ही धावलो. स्थळप्रती पुढे घेऊन पहाटेपर्यंत पुन्हा नोंदी केल्या आणि हिशेब पैशापैशाने जुळला. पण तो जुळेपर्यंत, चाळीस वर्षे देवाच्या पैशाला हात न लावलेल्या त्या माणसाचा चेहरा आम्ही समोर पाहत होतो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, इंग्रजीत असते तर मी कोणाला तरी विचारले असते. आपल्या भाषेत होते, म्हणून विश्वास ठेवला."

त्यानंतर आम्ही स्क्रिप्ट मोडून टाकली नाही. यंत्राने काही खोटे केले नव्हते. त्याने आपली शंका प्रामाणिकपणे नोंदविली होती. ती आम्ही पुसली. जुने लेखनिक पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. आम्ही हरताळ फासला तो चुकीवर नव्हे, चूक दाखविणाऱ्या खुणेवर.

आता नियम असा आहे. फायली आणणे, जुळविणे, वाक्यात ज्या जागी आकडा वा नाव यावयाचे ती जागा भाषांतरात सुटली नाही ना हे पाहणे, ही कामे यंत्राची. शंकेची खूण काढणे हे काम माणसाचे, आणि तेही मूळ वाक्य व मराठी शेजारी ठेवून वाचल्यावर. पैसा, नोंद पुसणे आणि नकार यांची वाक्ये एकाने मोठ्याने वाचावयाची व दुसऱ्याने मूळाशी ताडून पाहावयाची.

हल्ली आम्ही कोंकणी फाइलही हाती घेतली आहे. गूगलच्या यांत्रिक भाषांतरात २०२२ साली कोंकणी आली. तेव्हा यंत्राकडून रातोरात सारी फाइल भरून घ्यावी असा विचार निघणे साहजिक होते. आम्ही तो नाकारला नाही. मात्र यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ शंकेच्या खुणेसह येते, आणि ज्यांच्या घरात ती भाषा बोलली जाते त्यांच्या डोळ्यांखालून गेल्यावाचून पुढे जात नाही. काम सावकाश चालते.

या महिन्यात आमचे मराठी ९४ टक्के आहे. उरलेली वाक्ये पडद्यावर इंग्रजीत दिसतात. ती दिसली की कारकून काम थांबवितात आणि आम्हांस बोलावणे पाठवितात. आम्ही जातो.