अनवाणी पायांची पुळण

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण झाला, की मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचे दोर पुन्हा ओढले जाऊ लागतात; आणि सेवानिवृत्तीनंतर वडिलोपार्जित घरी येऊन राहिल्यापासून त्या दोराला हात लावण्याची संधी मी सहसा दवडीत नाही. गतवर्षी भाद्रपदात माझ्या तळपायाच्या कडेला एक आरक्त, किंचित उंचावलेली नागमोडी रेषा उमटली. तिला रात्री असह्य कंड सुटे आणि प्रातःकाळी पाहावे तो ती थोडी पुढे सरकलेली असे. गावातील एका वयोवृद्ध डॉक्टरांनी पाय पाहताक्षणीच निदान केले, की ही कुत्र्याच्या आतड्यातील अंकुशकृमीची अळी असून, ती वाट चुकून माझ्या त्वचेत शिरली आहे.

औषधाने ती व्याधी शमली. परंतु तिचे मूळ जाणून घेतल्यावाचून मला स्वस्थता वाटेना. बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी ओलसर, सावलीच्या वाळूत एकदोन दिवसांत उबतात आणि सुमारे आठवड्याने त्यांतील अळी कातडी भेदण्याइतकी समर्थ होते. अंकुशकृमीची अळी अशी त्वचेतून शिरते, हे माणसाच्या कृमीवर प्रयोग करणाऱ्या आर्थर लूस या शास्त्रज्ञाला १८९८ च्या सुमारास कैरो येथे स्वतःच्या हातावर अळ्यांचे पाणी सांडल्यामुळे उमगले. कुत्र्याच्या कृमीला मात्र मनुष्यदेहात बहुधा त्वचेखाली खोलवर जाता येत नाही, म्हणून ती वरच्या थरातच भटकत राहते आणि अखेर मरते. भरतीच्या लाटांनी धुतली जाणारी किंवा कडक उन्हात तापलेली पुळण तिला मानवत नाही. भरतीरेषेच्या वर, सुरूच्या आणि माडांच्या सावलीत, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला तिचे खरे वास्तव्य असते, आणि नेमकी तीच जागा जाळी तुणण्याची, मासळी निवडण्याची आणि मुलांच्या खेळण्याची असते.

पायात वहाणा घालाव्यात, हा उपदेश शहरातून आलेल्या पर्यटकास पुरेसा असेल. तो मी रापणीच्या वृद्ध तांडेलांना सांगितला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “चपला घालून रापण कशी ओढूची, मास्तरांनू?” गुडघाभर पाण्यात वाळूत टाच रोवून ज्यांना पोट भरावयाचे आहे, त्यांना या प्रश्नापुढे दुसरे काय सांगणार?

माझ्या पायाची कंड ही तशी क्षुल्लक बाब. अधिक चिंता मला शेजारच्या मांगरात व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांमुळे वाटू लागली. त्यांची पोटे नगाऱ्यासारखी फुगलेली आणि हिरड्या पांढुरक्या पडलेल्या होत्या. वस्तीतील लहानगी त्यांना दिवसभर कडेवर घेऊन हिंडत. पिल्लांना गोलकृमीची बाधा बहुधा आईच्या गर्भातच होते. तिची अंडी दोनतीन आठवडे मातीत पक्व होऊन पुढे वर्षानुवर्षे टिकतात, आणि मातीने माखलेल्या बोटांवाटे मुलाच्या पोटात गेली, तर त्यांतील अळ्या यकृतात, फुप्फुसांत आणि क्वचित डोळ्यात जाऊन बसतात. डोळ्यात गेलेली एखादी अळीही दृष्टी कायमची हिरावून घेऊ शकते, हे वाचल्यापासून त्या खेळाकडे निर्धास्त मनाने पाहणे मला शक्य झाले नाही. १० फेब्रुवारीस शाळाशाळांतून जंताची गोळी दिली जाते, तो उपक्रम स्तुत्यच आहे. पण ती गोळी माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी आहे, पुळणीतील अंडी तिने नाहीशी होत नाहीत.

म्हणून औषध द्यावयाचे ते कुत्र्यांनाच, अशी माझी खात्री झाली. कुत्री हाकलून द्या किंवा मारून टाका, असे म्हणणारेही भेटले. पण एका टोळीने सोडलेल्या जागेत दुसरी टोळी येते, हे किनाऱ्यावर राहणारा प्रत्येक जण जाणतो, आणि मुक्या जनावराच्या पोटातील कृमीचा दंड त्याच्या प्राणांनी भरून घेणे मला न्याय्य वाटत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांमध्ये भटक्या कुत्र्यांना जंतनाशक देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर सोपविलेली आहे. त्या आधारे संबंधित दप्तरी मी रीतसर अर्ज दाखल केला. तेथील तजवीज होईपर्यंत थांबू नये, ही सूचना मात्र तांडेलांचीच. रापणीच्या उत्पन्नाचे वाटे पडतात, त्यांत एक लहानसा वाटा कुत्र्यांच्या औषधाचा असावा, असे त्यांनी मांडले आणि ते सर्वांनी मान्य केले.

गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी मोठ्या कुत्र्यांसाठी अंदाजे वजनावरून गोळ्या नेमून दिल्या. त्या बांगड्याच्या पोटात घालून टाकल्या, की कुत्री गिळून मोकळी होत. पिल्लांना वजन करून, दर पंधरवड्याने, पातळ औषध पाजावे लागले, आणि त्यांच्या आईलाही त्याच वेळी मात्रा द्यावी लागली, कारण दुधावाटेही कृमी पिल्लांत उतरतात. होड्यांभोवतीची विष्ठा रोज सकाळी फावड्याने उचलून खोल पुरण्याचे काम तरुण रापणकरांनी आळीपाळीने स्वीकारले; अंडी ताजी असताना बाधक नसतात, म्हणून या कामात दिरंगाई चालत नाही, एवढेच मी त्यांना पुनःपुन्हा बजावीत असे. मांगरातील एक पिल्लू औषधाआधीच दगावले; उरलेली आता धष्टपुष्ट झाली आहेत. वाळूत पूर्वी पडलेली अंडी अजून तेथेच असणार, म्हणून मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, यावर त्यांच्या आयांनी कटाक्ष ठेवला आहे. मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी मात्रा द्यावयाची आहे. पुढच्या खेपेचा वाटा तांडेलांनी आताच बाजूला काढून ठेवला आहे.