विजेचा कुकर, कुणासाठी?

भातासाठी विजेचा कुकर घ्यायचा म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "शिट्टीचा कुकर असताना हा कशाला?" प्रश्न रास्तच! शिट्टीच्या कुकरात वरण-भात एकदमच होतो. विजेच्या साध्या कुकरात वाफ कोंडली जात नाही, त्यामुळे तुरीची डाळ तशी मऊ शिजत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, नुसता गॅस वाचेल म्हणून तो घेऊ नका.

आमची अडचण निराळी होती. मी दुपारी शाळेत. सासूबाईंना ऊन ऊन भात आवडतो, पण हल्ली जड कुकर उचलवत नाही आणि गॅस बंद केला की नाही, याची धास्ती. मग सकाळचा गार भात त्या मुकाट्याने खात. विजेच्या कुकरात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी आटले की ते चढते आणि बटण आपोआप उडते.

निवडताना आतले भांडे हलके नि सुटे निघणारे पाहिले. सोबतचे माप साधारण १८० मिलिलिटरचे असते. आम्हा पाच जणांना तीन मापे तांदूळ पुरतो. ७०० वॅटचा कुकर अर्ध्या तासात जास्तीत जास्त ०.३५ युनिट वीज घेतो. भांडे बाहेरून कोरडे पुसूनच आत ठेवावे.

आता सासूबाई स्वतःपुरता भात लावतात. परवा तर शेजारच्या काकूंनाही जेवायला थांबवून घेतले, मला न विचारता! पैसे वसूल झाले.