राजा गेला, खंड राहिला

राजसत्तांविरुद्धच्या क्रांत्यांवर लेख द्या, असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बास्तीय आणि झार असणार. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य मात्र गोव्याच्या नव्या काबिजादींच्या कागदपत्रांत गेले आहे. त्यामुळे तो हा विषय तेरेखोल नदीच्या काठावरूनच पाहतो.

नव्या काबिजादींतला, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात नंतर मिळवलेल्या प्रदेशातला, पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1780च्या दशकात तो पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली-सत्तरी आधी गेली, पेडणे 1788 मध्ये. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी पेडण्यावर पाणी सोडले. रयतेला कोणी विचारले नाही. रीतिरिवाज मोडणार नाही, असे आश्वासन देऊन नवा राजा आला. त्यामुळे देसाई आणि मोकासदार हे जमीनदार जागच्या जागी राहिले, आणि कुळाने त्यांना द्यायचा खंडही राहिला.

याच सत्तरीत पोर्तुगिजांविरुद्ध झालेला राण्यांचा उठाव ही राजेशाहीविरुद्धची लोकक्रांती होती, असे भाषणांतून वारंवार ऐकू येते. इथे थोडे थांबायला हवे. 26 जानेवारी 1852 रोजी दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि 1855 पर्यंत सरकारला झुंजवले. कर वाढले होते, वतनांवर गदा आली होती, पेहरावाची सक्ती होती. शौर्याबद्दल वादच नाही. पण उठाव मिटला तो राण्यांशी समझोता होऊन. पुढे 1895 मध्ये मोझांबिकच्या लढाईवर जायला नकार देणारे मराठा शिपाई उठले, दादा राणे त्यांना मिळाले, आणि उठाव मोडायला राजा कार्लुशचा भाऊ अफोंसु स्वतः सैन्य घेऊन आला. इथवर ही राजाविरुद्धची लढाई वाटते खरी. परंतु 1912 मध्ये राणे पुन्हा उठले तेव्हा पोर्तुगालात राजाच उरला नव्हता! त्यांचे भांडण परक्या सत्तेशी आणि हिरावल्या जाणाऱ्या हक्कांशी होते, मग ती सत्ता राजाची असो की प्रजासत्ताकाची. प्रस्तुत लेखकाने हे व्याख्यानांत मांडले की श्रोते दुखावतात. राण्यांचे मोठेपण कमी केले, असे त्यांना वाटते. वास्तविक सत्तरीचा माणूस कशासाठी मेला, हे नीट सांगणे हाच त्याचा मान.

राजेशाही पडली ती लिस्बनमध्ये. 1908च्या 1 फेब्रुवारीला कार्लुश आणि युवराज भर रस्त्यात गोळ्यांना बळी पडले. 5 ऑक्टोबर 1910 रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले आणि तरुण राजा मानुएल इंग्लंडला निघून गेला. यासाठी गोव्यात एकही गोळी झाडली गेली नाही, तरी डिचोलीच्या हिंदू घरावर त्याचा परिणाम मोठा झाला. पोर्तुगालच्या 1826च्या सनदेने कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म ठरवला होता. 20 एप्रिल 1911च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे केले. हिंदूंना सरकारी नोकरीची वाट मोकळी झाली, मराठी वाचनालये, शाळा आणि नियतकालिके यांना बळ आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या तारखेला जवळजवळ जागाच नाही, हे सलते.

मात्र ही क्रांती शेतात उतरली नाही. 1789च्या उन्हाळ्यात फ्रेंच शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्यांत शिरून सरंजामी हक्कांचे कागद जाळले, आणि 1793 मध्ये तसा कायदाच झाला. रशियात झार गेल्यावर त्याच वर्षी जमिनीचा हुकूम निघाला. लिस्बनच्या प्रजासत्ताकाने सरदारी पदव्या रद्द केल्या. पेडण्याच्या देशप्रभूंना राजाने दिलेली व्हिस्कोंदे ही पदवी कायद्याने संपली, लोकांच्या तोंडी ती राहिली. कुळाचा खंड तसाच चालू राहिला.

त्याला हात लागला तो 1961च्या मुक्तीनंतर. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात 1964चा कूळ कायदा आला. मग डिचोलीतून निवडून येणाऱ्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना 1976च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक मानले. लिस्बनमधून राजा पळाला त्याला तोवर सहासष्ट वर्षे होत आली होती. तरीही मोकासदारांच्या जमिनींचा प्रश्न विधानसभेत अजून निघतोच.

दीपाजींच्या मागे उभ्या राहिलेल्या साध्या कुळांना 1855च्या समझोत्यातून काय मिळाले, यावर कोणीतरी चिकाटीने काम करायला हवे. त्यासाठी मोडी वाचता यावी लागते आणि पोर्तुगीजही. पेडणे-डिचोलीच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी ही दोन्ही शिकायला घ्यावीत. शिकवायला प्रस्तुत लेखक तयार आहे.